परबांच्या टेंबावरचे उभे चर

सरकारी नोकरीत मी मृदसंधारणाचं काम करते असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या चपलांकडे बघायचा. चपला स्वच्छ असायच्या. आमचं ऑफिस परळला, चौथ्या मजल्यावर. खिडकीतून एका बाजूला बंद गिरणीचं धुराडं दिसायचं आणि दुसऱ्या बाजूला तसल्याच एका गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला काचेचा टॉवर. माती म्हणाल तर जिन्यातल्या कुंडीत तेवढी होती, आणि तीही पान खाणाऱ्या शिपायाने लाल करून ठेवलेली. चाळीतल्या शेजारीण मावशी विचारायच्या, 'कांबळे, तुझ्या त्या ऑफिसात माती असते तरी कुठे?' मी सांगायची, माती कोकणात असते, मातीचे मालक लालबागला असतात आणि मी मधल्या मधे असते.

बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगते. डोंगरउतारावर पाऊस पडला की पाणी धावत सुटतं आणि जाताना माती सोबत नेतं. खालच्या शेतात गोटे येतात, विहिरीत गाळ येतो आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी राहत नाही. यावरचा उपाय जुना आहे आणि सोपा आहे. उताराला आडवे, एका पातळीत चर खणायचे. पाणी चरात थांबतं, जिरतं, माती तिथेच बसते आणि खालच्या विहिरीचा झरा जिवंत राहतो. खणायचा खर्च सरकार करतं. एवढं मी चहा निवायच्या आत समजावू शकते.

पुढचं समजावण्यात माझी नोकरी संपली. जमीन खाजगी असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. कोकणातल्या जमिनीची वाटणी सहसा झालेली नसते, वाटणीची भांडणं तेवढी पूर्ण झालेली असतात. पणजोबांच्या नावाखाली मुलं, मुलांखाली नातवंडं, लग्न होऊन गेलेल्या मुली, मागे राहिलेल्या विधवा, सगळे एकाच सातबाऱ्यावर दाटीवाटीने उभे. यांतली बरीचशी माणसं गिरणीत कामाला आली. गिरण्या बंद पडल्यावर कुणी बँकेत शिपाई झालं, कुणी टॅक्सी चालवली, कुणी सोसायटीचा वॉचमन झालं. सातबाऱ्यावरून मात्र कुणी हललं नाही. तेव्हा वरच्या लोकांनी ठरवलं, की अशा मालकांना गाठायला मुंबईतच एक माणूस बसवावा. शेतकी पदवी घेतलेली, गिरणगावात वाढलेली आणि बदली नको म्हणणारी मी त्यांना आयतीच सापडले.

गिरगावच्या चाळींपासून शिवडीच्या गोदामांपर्यंत मी सह्या गोळा करत फिरले. घरात शिरलं की पहिला प्रश्न, गाव कोणतं? दुसरा, आडनाव? कांबळे म्हटलं की एक छोटा विराम यायचा. मग चहा यायचा. चहा कुठेच चुकला नाही हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, पण विरामही कुठे चुकला नाही. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे मी त्या विरामात पिशवीतून नकाशा काढून पसरायला लागले. वेळ सत्कारणी लागायचा.

गिऱ्हाइकं एकेक भारी. दादरच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. माहेरच्या डोंगरात त्यांचा हिस्सा होता. मी माती वाचवण्याचं महत्त्व सांगितलं, त्यांनी ते माझ्याहून चांगल्या मराठीत मलाच परत सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून सही केली आणि मग विचारलं, की वाचलेल्या मातीतला त्यांचा हिस्सा त्यांना घरपोच मिळेल का. गच्चीवर गुलाब लावायचे होते. शिवडीचे एक गृहस्थ सहीच करेनात. चर खणल्यावर जमिनीत पाणी जिरेल, पाणी जिरलं की भाऊबंद शेती करू लागतील आणि शेती करू लागले की कूळकायद्याने जमीन त्यांची होईल, असं त्यांनी मला सविस्तर पटवून दिलं. त्यांचे भाऊबंद तेव्हा कांदिवलीला राहत होते आणि त्यांच्यापैकी कुणीच कधी फावडं धरलेलं नव्हतं.

आणि आमचे साहेब. साहेब आराखड्याचे शौकीन. उपग्रहाच्या चित्रावर ते खुर्चीत बसल्या बसल्या चर ओढत. माउसने. रेघा इतक्या सुंदर यायच्या की बघत राहावं. एकदा एक चर ग्रामदेवतेच्या गाभाऱ्यातून गेला तेव्हा मी ते दाखवलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, देवळाचीही संमती घ्या.

पण मला सांगायचं आहे ते कातळवण्याच्या परबांबद्दल. ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

कातळवण्यात परबांचा एक टेंब आहे. टेंब म्हणजे छोटी टेकडी. वर रस्ता, मधे उघडाबोडका उतार, तळाशी एक घर आणि घरापुढे विहीर. तो टेंब परबांच्या दोन घरांचा सामाईक. थोरलं घर लालबागला, त्याचे कर्ते भाई परब. धाकटं घर गिरगावात, त्याचे कर्ते अण्णा परब. दोघे सख्खे चुलतभाऊ, दोघे सत्तरी ओलांडलेले, आणि गावच्या पालखीत पहिला खांदा कुणाचा या प्रश्नावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नसलेले. निरोप असला तर तो भाईंचा मुलगा संदेश सगळ्या परबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. मग दोघे एकाच वेळी तो वाचायचे आणि दोघेही उत्तर द्यायचे नाहीत.

तळाच्या घरात सुलोचना परब राहायच्या, सुलूकाकी. धाकट्या घरातल्या एका मयत भावाची बायको. सगळे परब मुंबईत, ही एकटी गावात. मी पाहणीला गेले तेव्हा काकी विहिरीत उतरून घमेल्याने गाळ काढत होत्या. दर पावसाळ्यानंतर टेंबाची माती त्यांच्या विहिरीत यायची आणि दरवर्षी थोडी जास्त यायची. वाडीत दुसरं पिण्याचं पाणी नव्हतं. मुलगा परळला चाळीत राहायचा आणि आईला ये म्हणायचा. काकींनी मला काठावर बसवलं, कोकम सरबत दिलं आणि आडनाव विचारलंच नाही.

"थय माझो झील आसा, नाय म्हनत नाय," काकी म्हणाल्या. "पण बाव हय आसा. बावीत पानी आसा तोवर मी हय. तेवढी संभाळ गो बाय."

बाव म्हणजे विहीर. पहिली सही त्यांनीच केली, हात धुऊन, पदराला पुसून. परत येताना माझ्या मनात आलं, की इतकं सोपं काम खात्यात क्वचितच येतं. सरळ उतार, मऊ माती आणि खाली वाट बघणारं माणूस. फक्त मुंबईतल्या परबांच्या सह्या आणायच्या होत्या.

लालबागला कातळवणेकरांची गावची खोली आहे. गिरण्यांच्या काळात गावची एकटी माणसं अशा खोल्यांत पाळ्यांप्रमाणे झोपायची, प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर देवाचा फोटो. आता तिथे कुणी झोपत नाही, फक्त मिटिंगा होतात आणि ट्रंकांवर बसायला जागा होते. मी तिथे परबांची मिटिंग लावली. भाई खिडकीकडे बसले, अण्णा दाराकडे, दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. कोकणी रिवाजाप्रमाणे आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं झालं. एका म्हाताऱ्याने देवाला साकडं घातलं, की लेकरांच्या मनात एकी राहू दे, आणि सगळे परब एका सुरात म्हणाले, "होय म्हाराजा." परबांचं एकमत मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तोंडी सांगून भागणार नव्हतं, म्हणून मी जेवणाचं एक ताट मागवलं. त्यात भाताचा डोंगर थापला, ताट तिरकं धरलं आणि वरून सोलकढी ओतली. कढी शितं घेऊन सरळ खाली आली. दुसऱ्यांदा भातात बोटाने आडव्या रेघा ओढल्या आणि पुन्हा ओतली. कढी रेघांत थांबली, भात जागेवर राहिला. खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. संदेशने व्हिडिओ काढला. मला वाटलं, जिंकलं.

मग भाईंनी ताटाकडे वाकून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, ती वरची रेघ कोनाच्या नावावर?"

मला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी ताट खाली ठेवलं. कोकणात जमिनीत एक रेघ ओढली, चार दगड रचले किंवा हातभर चर खणला, की ती हद्द झाली. उद्या कोर्टात गेलात तर वकील तीच रेघ दाखवतो. आडवा चर खणला म्हणजे वरचा तुकडा एकाचा आणि खालचा तुकडा दुसऱ्याचा. वरच्याला रस्ता मिळणार, खालच्याला नुसता खड्डा. म्हणजे सरकार मातीच्या नावाखाली परबांची वाटणी करायला निघालं आहे, असा अर्थ तिथल्या तिथे निघाला. मी म्हटलं, चर म्हणजे हद्द नव्हे, लेखी देते. लेखी म्हटल्यावर तर संशय पक्काच झाला.

"आमच्या पूर्वजांनी सगळ्यांका वरसून खालपर्यंत दिलेला आसा," अण्णा दाराकडे बघत म्हणाले. "पट्टे उभे. चर मारूचे तर उभे मारा."

आणि खिडकीकडे बघत भाई म्हणाले, की पहिल्यांदाच धाकट्या घराने शहाणपणाची गोष्ट केली. इतक्या वर्षांनी ते दोघे बोलले ते हे. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. मी जिवाच्या आकांताने सांगत राहिले, की उभा चर म्हणजे पाण्याला घसरगुंडी आहे, नुसता उतार ठेवलात तरी परवडेल. ताट पुन्हा तिरकं केलं, उभी रेघ ओढून दाखवली. कढी सरळ माझ्या साडीवर आली. सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला: चर खणायला परब बंधूंची एकमताने संमती, मात्र उभे, पट्ट्यापट्ट्याप्रमाणे. होय म्हाराजा.

मी साहेबांना सांगितलं, ही संमती घेता येणार नाही. साहेबांनी सह्या चाळल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. एवढ्या परबांच्या सह्या एकत्र आजवर कुणी आणल्या नव्हत्या. मार्च जवळ आला होता. आडवं-उभं आपण जागेवर बघू, असं ते म्हणाले. मी लेखी हरकत घेतली. हरकत वर गेली आणि वरच राहिली. काम अडकलं ते बरंच झालं, असं मला वाटत होतं. मे महिन्यात साहेबांचं बिऱ्हाड गावी गेलं, मीही रजा टाकून बहिणीकडे गेले.

त्याच मे महिन्यात परब गावी गेले. भाई आणि अण्णा एका गाडीतून, हे परबांच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं. सरकार काही करत नाही, आपणच करू, असं ठरलं आणि त्यांनी जेसीबी बोलावला. टेंबाच्या माथ्यापासून सुलूकाकीच्या अंगणापर्यंत, प्रत्येक पट्ट्याच्या कडेने, एकेक सरळ उभा चर. नारळ फुटला, गाऱ्हाणं झालं, भाऊ भावाच्या गळ्यात पडला. संदेशने फोटो टाकले, खाली सरकारी योजनेचं नाव, वर फुलं. काकींचा मला फोन आला होता, की मशीन आलं आहे, तू ये. मी सांगितलं, अडवा त्यांना. काकी म्हणाल्या, घरच्या थोरांना मी काय अडवणार? मी साहेबांना फोन केला. साहेबांनी फोटो बघितले आणि मला ते पाठवून देण्यास सांगितलं. पुढच्या सादरीकरणात ते लोकसहभागाच्या पानावर झळकले. रेघा खरंच सुंदर होत्या, अगदी साहेबांच्या माउसने ओढल्यासारख्या सरळ.

जुलैत काकींचा पुन्हा फोन आला.

"बाय, बाव बुजली."

एवढंच. चौथ्या मजल्यावरून खाली येताना मधल्या जिन्यात, त्या पानाच्या कुंडीशेजारी उभी राहून रडले. मला साहेबांचा राग आला होता, परबांचा आला होता आणि त्या हसणाऱ्या खोलीचा सगळ्यात जास्त आला होता.

मी गेले तेव्हा विहिरीच्या जागी तांबड्या चिखलाचं एक गोल अंगण झालं होतं. रहाटाचे खांब तेवढे वर. टेंबावर उभे चर राहिले नव्हते, त्यांच्या घळी झाल्या होत्या. कुठे दोन चर मिळून एक ओढा, कुठे पट्टाच वाहून गेलेला. कुणाचा हिस्सा कुठे संपतो हे आता देवालाही सांगता आलं नसतं. काकींनी पातेली पालथी घालून ठेवली होती आणि लेकाच्या गाडीची वाट बघत पायरीवर बसल्या होत्या. यावेळी सरबत केलं नाही. करायला पाणी नव्हतं.

आमच्या खात्याने चौकशी केली. चर खाजगी खर्चाने खणलेले, त्यामुळे नुकसानीची जबाबदारी खात्याची नाही, असा निष्कर्ष निघाला. लोकसहभागाचं पान मात्र सादरीकरणात तसंच राहिलं. साहेबांची बढती झाली. मी त्यानंतर काही वर्षांनी निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी मला एक कुंडी दिली.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. हुशार आहे, साहेबांच्या रेघांना घाबरत नाही. म्हणाली, मॅडम, परबांची फाइल पुन्हा उघडली आहे, परब स्वतः आडवे चर मागताहेत, तुम्ही एकदा या. मी गेले. तीच गावची खोली, त्याच ट्रंका. संदेशला टेंबावर होमस्टे काढायचा होता आणि उतार असा खचत राहिला तर रस्ताही जाणार होता. भाई आता काठी घेऊन आले, अण्णा ऐकायचं यंत्र लावून, आणि दोघे शेजारी शेजारी बसले. मला पाहून भाई म्हणाले, तुम्ही तेव्हाच बरोबर सांगत होतात मॅडम. आपलं बरोबर होतं हे ऐकून माणसाला आनंद होतो असं म्हणतात. मला काही झाला नाही.

कोपऱ्यात सुलूकाकी बसल्या होत्या. परळहून चालत आलेल्या. मुंबईत राहायला आल्यावर त्या आपोआप मुंबईकर परब झाल्या होत्या, म्हणून यावेळी त्यांनाही मिटिंगचं बोलावणं होतं. बारीक झाल्या होत्या. चाळीत पाणी ठरल्या वेळी येतं, सून नोकरीला, त्यामुळे पिंपं भरायचं काम त्यांच्याकडे, हे त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं.

सह्या भराभर होत गेल्या, काकींची तेवढी राहिली. मग नव्या अधिकारी मुलीने नियम सांगितला. काम मंजूर व्हायचं तर उताराखाली पाणी वापरणारं एक तरी कुटुंब राहतं असलं पाहिजे. होमस्टे चालत नाही, होमस्टे अजून झालेला नाही. खाली कोण राहतं?

मग सगळ्यांच्या माना एकदम कोपऱ्याकडे वळल्या.

"सुलू," भाई हळूच म्हणाले, "तू नुसता सांग, रवतंय म्हनान. घर तर आसाच मा तुझा?"

मला तेव्हा काय झालं सांगते. मला वाटलं, काकींनी हो म्हणावं. खोटं का होईना, चर होतील, झरा कदाचित परत येईल, गाळ उपसला तर बाव पुन्हा उघडेल. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अण्णा पेन पुढे करून उभे होते.

"भाईनू, मी थय रवत होतंय," काकी म्हणाल्या, "तेव्हा कोनी इचारल्यान नाय."

आवाज चढवला नाही. पेनही घेतलं नाही. नव्या अधिकारी मुलीने समजावलं, संदेशने ट्रंकेवरून उठून समजावलं, अण्णांनी ऐकायचं यंत्र नीट करत पुन्हा पुन्हा विचारलं की सुलू काय म्हणाली. एक सही कमी असली तरी काम होत नाही हे तिथल्या प्रत्येकाला मीच पाठ करायला लावलं होतं, त्यामुळे तेही कुणाला समजवायची गरज नव्हती. भाई माझ्याकडे बघायला लागले, मॅडम तुम्ही तरी सांगा म्हणून. मी उठून काकींना वाट करून दिली.

काकींनी पदर खोचला, चपला शोधल्या आणि निघाल्या. परळला संध्याकाळचं पाणी यायची वेळ झाली होती आणि घरी पिंपं भरायला दुसरं कुणी नव्हतं.